अर्धा अल्बम

प्रफुल्लला भिलाईच्या वैशाली नगरात कुणी नावानं हाक मारत नाही. तो ‘साउंडवाले भैया’. लग्न असो, भागवत सप्ताह असो, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याच्या नातवाचा वाढदिवस, लोक त्याच्या दारात येऊन म्हणतात, ‘भैया, बेस जरा जास्त पाहिजे.’ बेस म्हणजे काय, असं विचारलं तर छातीवर हात ठेवून दाखवतात. प्रफुल्ल मान हलवतो आणि स्वतःला बरा वाटेल तेवढाच बेस ठेवतो. पस्तिशी ओलांडलेला, पोट थोडं सुटलेला, बायकोशी हिंदीत आणि बापाशी मराठीत बोलणारा हा माणूस. ह्यानं एके काळी रॅपचा अख्खा अल्बम उभा केला होता हे सांगितलं, तर गल्लीतली पोरं आधी हसतील आणि मग विचारतील, ‘मग तुमचं गाणं कोणतं त्यात?’

तिथंच तर सगळी अडचण आहे. त्या अल्बममध्ये प्रफुल्लचं गाणं एकही नाही. आवाज त्याचा नाही, शब्द त्याचे नाहीत, बीट बहुतेक दुसऱ्यानं केलेलं. त्यानं काय केलं? माणसं गोळा केली, भांडणं मिटवली, कुणामागून कोण येणार ते ठरवलं. लग्नात वाढप्याला कुणी विचारतं का, स्वयंपाक कसा झाला म्हणून? तसंच ह्याचं. पण पंगत बसवली होती ती त्यानंच.

त्याचे वडील केवलराम मूळचे भंडारा जिल्ह्यातले, साकोलीच्या पलीकडचे. शेती होती पण भावांची तोंडं जास्त, म्हणून ऐन तारुण्यात भिलाईला आले आणि पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर लागले. मरोदा वस्तीत प्लांटचं क्वार्टर मिळालं. गावाकडून त्यांनी दोनच गोष्टी आणल्या, एक बायको भागीरथा आणि दुसरा डफ. केवलराम खडी गंमतचे शाहीर. खडी गंमत म्हणजे आपल्या झाडीकडचा खेळ. शाहीर उभ्यानं गातात, मागे डफ आणि टुणटुणं असतं आणि समोरासमोर दोन फड असतात. एक फड सवाल टाकतो, दुसरा जवाब देतो. प्लांटमध्ये आठ तास भट्टीजवळ उभं राहून आलेला माणूस रविवारी परत चार तास उभ्यानं गायचा. भागीरथाबाई म्हणायच्या, ‘ह्या माणसाले देवानं गुडघे देल्लेच नाहीत, बसाचं माहीतच नाही.’

गोष्ट २०१४ च्या उन्हाळ्याची आहे. तेव्हा मरोद्याच्या मैदानावर पोरं संध्याकाळी गोल करून रॅप करायची. कुणी छत्तीसगढीत, कुणी हिंदीत, बाकीचे तोंडानं बीट धरायचे. तिकडे सेक्टर दोनच्या बगिच्यात दुसरं टोळकं होतं. ती पोरं जरा इस्त्रीतली, वडील ऑफिसात, घरी कॉम्प्युटर. दोन्हीकडचे एकमेकांना यथेच्छ शिव्या घालायचे, आणि त्यात यमक जुळलं की शत्रूसुद्धा ‘वाह’ म्हणायचे. प्रफुल्ल दोन्हीकडे जाऊन ऐकायचा. एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की हे सगळं त्यानं लहानपणापासून ऐकलेलंच आहे. फक्त बापाच्या डोक्यावर पागोटं असायचं आणि ह्यांच्या डोक्यावर टोपी, तीही उलटी.

सेक्टर दोनच्या टोळीचा म्होरक्या होता पीयूष. त्याचे वडील विजयकुमार प्लांटच्या हिशेब विभागात, आई कमलिनी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी आरतीचं ताट घेऊन पुढे. मूळ नागपूरचे. पोरगं हुशार, गोड बोलणारं, आणि काही नवीन दिसलं की हरखून जाणारं. प्रफुल्लनं त्याला घरी आणलं तेव्हा तो केवलरामांच्या पायाशी असा बसला की भागीरथाबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, पोरगं गुणाचं आहे. भागीरथाबाई नव्हत्या. आदल्याच थंडीत त्या गेल्या होत्या. केवलरामांनी त्यांची राख जवळच्या शिवनाथ नदीत सोडली होती, आणि गावचे लोक ‘वैनगंगेत कावून नाही नेली’ म्हणून अजून रुसलेले होते.

‘काका, फडाचे नियम सांगा ना,’ पीयूष म्हणाला.

केवलराम खुलले. कितीतरी दिवसांनी कुणीतरी विचारत होतं.

‘पाह्य,’ ते म्हणाले, ‘जवाब द्याचा तं सवालाच्याच यमकात द्याचा. अन् सवाल पडला का जवाब उधार नाही ठेवाचा, त्याच दिवशी देऊन मोकळं व्हाचं. अन् सवाल टाकणाऱ्यानं जवाब आयकल्याशिवाय फडातून उठाचं नाही. मंग पोट दुखो का घर जळो.’

‘आणि उठला तर?’

‘उठला तं उठला. लोक दुसऱ्या खेपेले त्याचा सवाल घेत नाहीत. अन् एक सांगून ठेवतो, आपल्याच सवालाचा जवाब जो आपणच देते, तो बाद. हरला तो.’

पीयूषनं मांडीवर थाप मारली. ‘ये तो सबसे बढ़िया रूल है, काका!’

तिथून अल्बमचा आराखडा ठरला. सेक्टरची पोरं सहा सवाल टाकतील, मरोद्याची पोरं सहा जवाब देतील. नाव ‘आमने-सामने’. रेकॉर्डिंग केवलरामांच्या मधल्या खोलीत. भिंतींना गाद्या उभ्या केल्या, खिडकीला भागीरथाबाईंच्या वाकळा लावल्या. मे महिना, आणि कूलर बंद, कारण तो आवाज करतो. पंखाही बंद. पोरं बनियनवर उभी राहून घाम पुसत गायची. शिफ्टचा भोंगा झाला की सगळे थांबायचे. एकदा कुणीतरी थांबायला विसरला आणि भोंगा गाण्यात आला. प्रफुल्लनं तो तसाच ठेवला, कारण त्याला तो बरोबर ठिकाणी आल्यासारखा वाटला. कुणाला ओळी लांब झाल्या तर कमी करायला लावणं, कुणी आईवर शिवी घातली तर ती काढायला लावणं, रुसून गेलेल्याला सायकलवर जाऊन परत आणणं, हे सगळं त्याच्याकडे. सुपेला भागातला एक पोरगा दोनदा रुसला आणि दोनदा परत आला.

शेवटचा सवाल पीयूषचा. तो खरंच चांगला होता, हे आपण मान्य केलं पाहिजे.

‘साइरन किसकी, चिमनी किसकी, किसकी है ये लाली?
बता भिलाई किसकी होगी, जब क्वार्टर होगा खाली?’

प्लांटच्या माणसाच्या वर्मावरच बोट होतं ते. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं, हे प्रत्येक घरात माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. ह्या सवालाला जवाब कोण देणार? मरोद्याच्या पोरांनी हात वर केले. कुणालाच यमक सापडेना, आणि यमकापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे उत्तर सापडेना.

जुलैत पीयूष पुण्याला कॉलेजला गेला. ‘जवाब झाला की पाठव, भाई,’ असं म्हणून गेला. म्हणजे पठ्ठ्या सवाल टाकून उठलाच होता. पण तेव्हा कुणाच्या डोक्यात ते आलं नाही. पोरगं शिकायला जातंय, त्याला काय अडवायचं.

जवाब दिला दामिनीनं. दामिनी म्हणजे प्रफुल्लची धाकटी बहीण, तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. ती त्या टोळक्यात कधी उभी राहिली नव्हती, दाराआडून ऐकायची आणि चहा नेऊन द्यायची. एका रविवारी दुपारी ती भावाला म्हणाली, ‘दादा, माईक लाव. बाबाले डफ घ्याले सांग.’ ती मराठीत गायली, घरी बोलतात त्या मराठीत. अख्ख्या अल्बममध्ये मराठी तेवढीच.

‘क्वार्टर खाली, अंगण खाली, भरून गाडी निघाली;
भिलाई त्याची, ज्याच्या मायची राख शिवनाथेले मिळाली.’

केवलरामांचा डफ मध्येच थांबला. त्यांना पुढे वाजवताच आलं नाही. मग त्यांनी नाक शिंकरलं, डफ पुन्हा घेतला आणि दुसऱ्या खेपेला शेवटपर्यंत नेला. प्रफुल्लनं ती दुसरी खेप ठेवली. मात्र पहिलीतला तो थांबलेला डफही त्यानं पुसला नाही, स्वतःसाठी जपून ठेवला.

अल्बमचं पुढे काय झालं? काय व्हायचं! पॉवर हाउस म्हणतात त्या बाजारात शुभमचं मोबाइलचं दुकान होतं, तिथं लोक मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायचे. शुभमनं ‘आमने-सामने’ची गाणी ठेवली, पण प्रत्येकाच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात ‘शुभम मोबाइल, पॉवर हाउस!’ असं घातलं. काही ऑटोंत वाजली, एका धाब्यावर वाजली. सवाल वाजले, कारण ते चढ्या चालीचे होते. जवाब लोकांनी अर्ध्यात बदलले. दामिनीचं तर शेवटचं गाणं, तिथवर कोण पोहोचतो? मग फोन बदलले, कार्डं हरवली, पोरं कुणी रायपूरला, कुणी बेंगळुरूला गेली. केवलराम रिटायर झाले, क्वार्टर खाली झालं, वैशाली नगरात दोन खोल्या बांधल्या. दामिनी लग्न होऊन दुर्गला गेली, शाळेत गणित शिकवू लागली. अल्बमची एकच पूर्ण प्रत उरली, आणि ती प्रफुल्लकडे होती.

गेल्या वर्षी फोन वाजला. पीयूष.

‘भाई, सुनो. किसी ने नेट पर लिखा है, भूले हुए हिप-हॉप अल्बम, जिन्हें फिर से सुनना चाहिए. उसमें हमारा नाम है!’

कुणा हौशी माणसाला पीयूषच्या सवालाची जुनी प्रत सापडली होती, शुभमच्या आरोळीसकट. त्यावर त्यानं दोन परिच्छेद लिहिले होते. पीयूष आता पुण्यात जाहिरातींच्या धंद्यात होता. त्याला अल्बम नव्यानं काढायचा होता, नीट, सगळ्या ठिकाणी. पूर्ण गाणी फक्त प्रफुल्लकडे आहेत हे त्याला ठाऊक होतं.

प्रफुल्लला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आनंदानं. त्यानं बापाला सांगितलं. केवलरामांनी सत्तरीकडे झुकलेल्या वयात कपाटावरून डफ खाली काढला आणि उन्हात ठेवला. प्रफुल्लनं दुर्गला फोन करून दामिनीलाही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘त्याचे सवाल त्याले दे. मायं गाणं मले विचारल्याशिवाय देजो नको, दादा. ते आपल्या मायचं आहे.’

‘नाही देत,’ प्रफुल्ल म्हणाला. तेव्हा त्याच्या मनातही तसंच होतं.

आता हा माणूस कसा आहे बघा. दुसऱ्या कुणी बारा गाणी एकदम पाठवली असती आणि मोकळा झाला असता. ह्यानं बापाच्या फडाचा कायदा धरला. आधी सवाल लोकांत पडू दे, मग जवाब. म्हणून त्यानं पीयूषला फक्त सहा सवाल पाठवले. ‘हे पहिल्या दिवशी. बाकीचे त्याच संध्याकाळी,’ असं लिहिलं. पीयूषनं उलट लिहिलं, ‘काका का रूल! याद है भाई.’

सवाल निघाले. नवं चित्र, नवी अक्षरं, वर मोठ्यात ‘आमने-सामने’. आणि त्याच दिवशी संध्याकाळी प्रफुल्ल घरात येरझाऱ्या घालू लागला. सवाल पडला होता. जवाब उधार ठेवायचा नाही, हे त्याच्या रक्तात भिनलेलं. पाच जवाब त्यानं पाठवले. सहावा अडला. दामिनीला फोन लावला, तिनं उचलला नाही. शाळेची पालक-सभा होती. तो पुन्हा येरझाऱ्या घालू लागला. शेवटच्या सवालाला जवाब नाही म्हणजे फड अर्ध्यात मोडला. दामिनी ऐकल्यावर समजून घेईल, शेवटी तिचंच नाव होणार आहे. असं सगळं स्वतःला सांगून त्यानं दामिनीचं गाणं पाठवून दिलं. तिला मात्र सांगितलं नाही. अचानक वाजलं की तिला किती आनंद होईल, असं त्याला वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पीयूषचा निरोप आला: ‘रुला दिया यार. इसका कुछ बड़ा करेंगे.’

पुढचे दिवस प्रफुल्ल रोज बघायचा. जवाब काही निघाले नाहीत. सवालांवर मात्र लोक लिहू लागले. एकानं लिहिलं, ह्या अल्बमचं मोठेपण असं की तो नुसतं विचारतो, उत्तर देतच नाही. दुसऱ्यानं त्याचीच री ओढली. बारा गाण्यांतली सहा गाळली, म्हणून उरलेली सहा थोर ठरली! प्रफुल्लला वाचून गंमतही वाटली आणि खटकलंही. त्यानं पीयूषला विचारलं. पीयूष म्हणाला, ‘भिलाईला प्रोग्राम ठेवलाय. सरप्राइज असू दे ना. और साउंड तू ही देखेगा, भाई. तेरे सिवा कौन?’ ‘तेरे सिवा कौन’ ऐकून प्रफुल्ल विरघळला.

कार्यक्रम सिव्हिक सेंटरजवळच्या एका हॉलमध्ये, संध्याकाळचा. प्रफुल्लनं आपले सगळ्यांत चांगले स्पीकर लावले आणि मागे मिक्सरपाशी उभा राहिला. जवाबांची सहा गाणी त्यानं क्रमानं लावून ठेवली होती, नुसतं बटण दाबायचं बाकी. पुढच्या रांगेत कमलिनीबाई होत्या, खास नागपूरहून आलेल्या. विजयकुमारांनी रिटायर झाल्याबरोबर तिकडे फ्लॅट घेतला होता. चौथ्या रांगेत केवलराम, धुतलेलं धोतर, डोक्यावर जुनं पागोटं. शेजारी दामिनी. प्रफुल्लनं तिला एवढंच सांगितलं होतं की ये, बाबाले बरं वाटेल. केवलराम मांडीवर बोटांनी डफ वाजवत होते. ‘माया डफ कव्हा येते?’ असं ते दोनदा पोरीला विचारून बसले होते.

सवाल एकामागून एक वाजले. पोरं नाचली, फोन वर झाले. मग शेवटचा. ‘बता भिलाई किसकी होगी, जब क्वार्टर होगा खाली?’ गाणं थांबलं. प्रफुल्लचं बोट बटणावर होतं. केवलराम खुर्चीत पुढे सरकले.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं, टीना तिचं नाव, माईक पीयूषपुढे धरला. ‘पीयूष सर, दस साल हो गए. आज आपसे ही पूछते हैं. किसकी है भिलाई?’

पीयूषनं मान खाली घातली. जरा थांबला. थांबणं त्याला फार छान जमायचं. मग तो हळू आवाजात म्हणाला, ‘भिलाई उसकी है, जिसके अपनों की राख शिवनाथ से जा मिली.’

हॉल टाळ्यांनी दणाणला. कमलिनीबाईंनी पदरानं डोळे टिपले. त्यांच्या घरचं एकही माणूस शिवनाथेच्या काठावर जळलेलं नव्हतं. सगळे सामान गाडीत भरून सुखरूप नागपूरला गेले होते.

प्रफुल्लचं बोट तसंच राहिलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते त्यानं आजवर नुसतं ऐकलं होतं. आपणच पाठवलेलं गाणं, आपणच लावलेल्या स्पीकरमधून, दुसऱ्याच्या तोंडून त्याच्या कानावर आलं होतं. आणि माईकचा आवाज स्वच्छ यावा म्हणून दुपारभर त्यानंच खटपट केली होती.

केवलरामांना मात्र अजून कळलंच नव्हतं. त्यांना फक्त जवाब ऐकू आला होता. जवाब असा नेमका बसला की फडात मागे सूर धरणारे झीलकरी हात वर करून ओरडतात, तसे ते उभे राहिले आणि हात वर करून त्यांनी सूर लावला, ‘जी जी रं जी!’ मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘हा तं आमच्या दामिनीचा जवाब होय! वा पोरी!’

लोक वळून बघू लागले. काही हसले, प्रेमानंच. दामिनीनं त्यांचा हात धरून खाली बसवायचा प्रयत्न केला. स्टेजवर पीयूषनं त्यांना ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. मग त्यानं हात जोडले. ‘काका पुराने कलाकार हैं. इन्हीं लोगों से हमने सब सीखा है.’

पुन्हा टाळ्या. आधीपेक्षा जास्त. केवलरामांनी मान लववून त्या टाळ्या घेतल्या आणि ते बसले. मग हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी पोरीला विचारलं, ‘तुयं नाव नाही घेतलं त्यानं?’ दामिनी मागे वळून मिक्सरकडे बघत होती. एवढ्या लांबूनही प्रफुल्लला तिची नजर सोसेना, त्यानं मान खाली घातली.

फोटो झाले. पीयूष मागे आला आणि त्यानं प्रफुल्लला मिठी मारली. ‘साउंड एक नंबर, भाई.’

‘जवाब?’ प्रफुल्लनं विचारलं.

‘यार, लोग क्या लिख रहे हैं, देखा ना? अधूरा है, यही तो इसकी ब्यूटी है. जवाब डालले तर सगळं साधं होऊन जाईल. पार्ट टू में देखते हैं.’

‘ती ओळ दामिनीची आहे.’

‘अरे,’ पीयूष त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘लाइन तो भिलाई की है ना. सबकी है.’

‘तुले नियम माहीत होता, पीयूष. तू बसून शिकला होतास. बाबाच्या पायाशी.’

पीयूष थोडा थांबला, आणि ह्या वेळी ते थांबणं जमलं नाही त्याला. ‘वो सब काका के गाँव का है, भाई. इधर कौन मानता है?’ त्यानं घड्याळ बघितलं. रायपूरहून विमान होतं. तो आईला घेऊन निघाला, दारातून परत एकदा हात हलवून. दुसऱ्यांदा तो सवाल टाकून उठला.

हॉल रिकामा होऊ लागला. मंडपवाल्याची माणसं खुर्च्या एकावर एक रचत आली आणि चौथ्या रांगेपाशी अडली. केवलराम उठत नव्हते.

‘चला बाबा,’ प्रफुल्ल जवळ येऊन म्हणाला.

‘कसा उठू? सवाल पडला आहे. जवाब नाही झाला अजून. लाव, माया डफ लाव.’

प्रफुल्लनं मिक्सरकडे बघितलं. गाणं तयार होतं. हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं तरी अजून रेंगाळत होती. ती ऐकतील. निदान ती तरी ऐकतील. तो वळला.

‘नको लावू,’ दामिनी म्हणाली.

‘दामिनी, अजून लोक आहेत. त्यांना कळू दे खरं कुणाचं—’

‘काय कळन? आता वाजवशील तं लोक म्हणतीन, हिनं त्याचं उचललं. त्यानं आधी म्हटलं, सगळ्यांसमोर. आता ते त्याचं झालं.’

प्रफुल्ल तिथंच उभा राहिला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दहा वर्षं जपलेलं ते गाणं आता कधीच, कुठंच वाजवता येणार नव्हतं. वाजवलं की ते चोरीचं ठरणार होतं, आणि चोर दामिनी.

‘मी त्याच्या भरवशावर...’ तो बोलू लागला. ‘मले वाटलं, नियम त्यालेही माहीत आहे. त्यानं असं कराव का?’

‘त्याचं सोड,’ दामिनी म्हणाली. तिचा आवाज वर्गात असतो तसा होता, न चढता, प्रत्येक शब्द वेगळा. ‘त्यानं तं चोरलं. चोराले चोरच म्हनाचं. तू तं देल्लं, दादा. मी नको म्हटलं होतं. मायचं होतं ते. तू कावून देल्लं?’

चांगलं व्हावं म्हणून दिलं, हे खरं होतं, आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

केवलराम दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. म्हाताऱ्याला उशिरानं का होईना, सगळं उमगलं. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग पोरीचा हात हातात घेऊन, जणू एखादी मोठी खुशखबर सांगावी तसे म्हणाले, ‘पोरी, तू रडू नको. आयक. सवाल त्याचाच होता ना? अन् जवाबही त्यानंच देल्ला. आपल्याच सवालाचा जवाब जो आपण देते, तो बाद. हरला तो. सगळ्यांसमोर हरला, पोरी!’

दामिनीनं त्यांच्याकडे बघितलं. तिला राग यायला हवा होता, पण बापावर तो येईना.

‘हो बाबा,’ ती म्हणाली. ‘हरला. पण हे फक्त तुमालेच माहीत आहे. बाकी सारे टाळ्या वाजवून गेले.’

तिनं त्यांना दंडाला धरून उठवलं. ह्या वेळी ते उठले. जवाब न ऐकता फडातून उठण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. चालताना त्यांनी एकदा वळून रिकाम्या स्टेजकडे बघितलं.

‘थांब, गाडी काढतो, मी सोडतो दोघाले,’ प्रफुल्ल मागे धावत म्हणाला.

‘ऑटो आहे बाहेर,’ दामिनी न वळता म्हणाली. ‘तू तुया वायरा गुंडाळ.’

तो परत आला आणि वायरी गुंडाळू लागला.